वाचनात अडलेले मूल आणि आपले दोन जिल्हे



ही व्याख्यानमाला एका प्राथमिक शिक्षकाच्या स्मरणार्थ चालते, म्हणून विषयही मी प्राथमिक शाळेतलाच निवडला. चंद्रपूर-गडचिरोलीत कुणी बोलायला उभे राहिले की जंगल, खाणी, वाघ आणि बंदुका हे विषय आपसूक पुढे येतात. मला बोलायचे आहे पाचवीच्या वर्गात मागच्या रांगेत बसलेल्या, चार ओळींचा उतारा वाचताना घाम फुटणाऱ्या मुलाबद्दल. या अडचणीचे नाव डिस्लेक्सिया. तिचे प्रमाण जगभरच्या अभ्यासांत साधारण ५ ते १० टक्के मानले जाते. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात दोन ते चार. ही मुले आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळांत आहेत, आश्रमशाळांत आहेत, तालुक्याच्या इंग्रजी शाळांतही आहेत. त्यांना आपण 'ढ' म्हणतो, 'कच्चा' म्हणतो आणि पुढच्या वर्गात ढकलतो.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकते. आपल्या भागात तपासणीच्या आधी मदत सुरू झाली पाहिजे, आणि ती शाळेतच, मुलाला रोज पाहणाऱ्या शिक्षकाकडून. तपासणी हवी, प्रमाणपत्र हवे, तो मुलाचा हक्क आहे. पण ते हाती येईपर्यंत मुलाची तिसरी, चौथी, पाचवी वाया घालवण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिलेला नाही.

या अडचणीची पहिली ठळक नोंद १८९६ मधली आहे. इंग्लंडातल्या प्रिंगल मॉर्गन नावाच्या डॉक्टरांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये पर्सी या चौदा वर्षांच्या मुलाबद्दल लिहिले. मुलगा चलाख, खेळात तरबेज, गणितात बरा. वर्षानुवर्षे शिकवूनही साधे शब्द वाचता येत नव्हते, स्वतःचे नावसुद्धा चुकीचे लिहायचा. त्याच्या शिक्षकांचे मत मॉर्गन यांनी नोंदवून ठेवले आहे: सगळे शिक्षण तोंडी असते तर हा मुलगा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता.

पर्सीच्या शिक्षकांचे हे मत झाडीपट्टीतल्या माणसाला ओळखीचे वाटेल. दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावच्या जत्रा, सुरू होतात, वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव फिरू लागतात. रात्रभर नाटक पाहून आलेले पोर दुसऱ्या दिवशी गुरांमागे अख्खा प्रवेश बोलून दाखवते. खलनायकाचे हसणे, आईचा आक्रोश, मधले गाणे, काही सुटत नाही. त्याच पोरापुढे बालभारतीचा धडा ठेवला की दुसऱ्या शब्दाला गाडी अडते. त्याला अक्कल नाही असे ज्याने ते नाटक ऐकले तो कसा म्हणेल? ऐकून समजण्यात आणि वाचून समजण्यात जी दरी असते, ती डिस्लेक्सियाची पहिली खूण. शिक्षकांना मी हीच कसोटी सर्वांत आधी करायला सांगते. धडा तुम्ही वाचून दाखवा आणि प्रश्न तोंडी विचारा. मग तसाच दुसरा धडा मुलाला स्वतः वाचू द्या आणि पुन्हा तोंडी विचारा. पहिल्यात मूल चांगले उत्तर देत असेल आणि दुसऱ्यात गप्प होत असेल, तर त्याचे घोडे समजुतीत अडलेले नाही, अक्षरापाशी अडलेले आहे.

अक्षरापाशी म्हणजे नेमके कुठे? डोळ्यांत नव्हे, हे आधी स्पष्ट करते, कारण पालक पहिल्यांदा चष्म्याच्या दुकानात जातात. बोललेला शब्द मनातल्या मनात ध्वनींत सुटा करणे, प्रत्येक ध्वनीला चिन्ह जोडणे आणि हे काम विचार न करता झपाट्याने होऊ लागणे, या साखळीत अडथळा असतो. मेंदूची ती घडण बऱ्याच अंशी वंशाने येते. म्हणून मुलाबद्दल बोलायला बाप शाळेत येतो आणि खालच्या आवाजात सांगतो, 'मॅडम, मलाही जमत नव्हतं, मी सातवीत शाळा सोडली.' ते ऐकाल तेव्हा वहीत लिहून ठेवा. निदानाच्या कामी त्या वाक्याला मोल आहे.

आता आपल्या लिपीकडे येते. डिस्लेक्सियाच्या ज्या याद्या इंटरनेटवर आणि प्रशिक्षणांत फिरतात त्या बहुतेक इंग्रजीवरून उचललेल्या आहेत. त्यांत इंग्रजीतली बी-डी ही अक्षरे उलटसुलट होण्यावर भर असतो. आमचे शिक्षक ती यादी हातात घेऊन मराठी वाचणाऱ्या मुलाकडे पाहतात आणि म्हणतात, याच्यात तर हे काही नाही. देवनागरीची गंमत वेगळी आणि तिचे काटेही वेगळे. 'कि'मधली पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे लिहायची आणि उच्चारायची मात्र 'क'नंतर. 'सूर्य'मधला 'र' पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो, पण ऐकू येतो 'य'च्या आधी. 'चक्र'मध्ये तो पायाशी तिरका होतो, 'ट्रक'मध्ये त्याचे आणखी वेगळे रूप, 'सुऱ्या'मध्ये आणखी निराळे. घ-ध, भ-म, प-ष ही जोडपी दिसायला जवळची. 'च' आणि 'ज' यांचे दोन-दोन उच्चार, आणि कुठे कोणता ते लिपी सांगत नाही. ऱ्हस्व-दीर्घ बोलण्यात बहुतेक ठिकाणी कळतच नाही, लिहिताना मात्र गुण कापले जातात.

आणि चिन्हांची संख्या. इंग्रजीतल्या मुलाला सव्वीस अक्षरे शिकायची. आपल्या मुलापुढे बाराखड्या आणि जोडाक्षरे मिळून काही शे चिन्हे. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांच्या वाचनाचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. कन्नडची लिपीही आपल्यासारखीच अक्षराधारित. अक्षरांची पूर्ण ओळख व्हायला चौथी-पाचवी उजाडते, असे त्यात दिसले. पहिलीच्या अखेरीस सगळ्या बाराखड्या आल्याच पाहिजेत हा आपला आग्रह किती उतावळा आहे हे यातून कळावे. पण याची दुसरी बाजूही आहे. मराठी जसे लिहितात तसे बरेचसे वाचले जाते. त्यामुळे डिस्लेक्सिया असलेले मराठी मूल सहावी-सातवीपर्यंत अडखळत का होईना अचूक वाचू लागते, आणि शिक्षकांना वाटते, सुटला प्रश्न. प्रश्न सुटलेला नसतो. त्याचा वेग मंदच राहतो. जर्मनचे लेखनही असेच उच्चारानुसारी. जर्मन वाचणाऱ्या मुलांविषयी हाइन्झ विमर यांनी १९९३ मध्ये हेच दाखवले की अशा भाषेत डिस्लेक्सिया चुकांपेक्षा संथपणात दिसतो. वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. म्हणून मराठी शाळेत चुका मोजून भागत नाही, वेळ मोजावा लागतो. एका मिनिटात मुलाने किती शब्द बरोबर वाचले, ही साधी नोंद दर महिन्याला ठेवली तर अनेक कोडी सुटतात.

इथवरचे बोलणे सोलापूर-साताऱ्यातही चालले असते. यापुढे आपला प्रदेश सुरू होतो.

एटापल्लीतल्या एखाद्या आश्रमशाळेतला मुलगा डोळ्यांसमोर आणा. घरी माडिया भाषा. शाळेत मराठी, तीही पुस्तकाची. पहिलीपासून इंग्रजी, पुढे हिंदी. कोरचीकडे छत्तीसगढी, सिरोंच्यात तेलुगू, मुलचेरा-चामोर्शीत पूर्व बंगालातून आलेल्या कुटुंबांची बंगाली, जिवतीच्या पहाडावर कोलामी. गोंडी, माडिया, कोलामी, तेलुगू या द्रविड कुळातल्या. मराठीचे कूळच वेगळे. अशा मुलाला तिसरीत मराठी वाचता आले नाही तर त्याला डिस्लेक्सिया आहे का? की त्याला न कळणाऱ्या भाषेत वाचायला लावले म्हणून तो अडला? या प्रश्नाचे उत्तर न शोधता चाचणी लावणे म्हणजे मुलावर अन्याय. दोन्ही बाजूंनी होतो हा अन्याय. भाषेच्या अंतराला आजार ठरवले जाते, किंवा खरी अडचण 'आदिवासी मूल आहे, भाषा येत नाही' या एका वाक्याखाली वर्षानुवर्षे दडपली जाते. माझ्या मते आपल्याकडे दुसरा प्रकार कितीतरी जास्त घडतो, आणि तो जास्त क्रूर आहे, कारण तो सहानुभूतीच्या भाषेत घडतो.

फरक ओळखता येतो. त्याच गावची, तीच भाषा बोलणारी, त्याच वर्गातली बाकीची मुले कुठे पोचली ते पाहा. पंधरापैकी बारा माडिया मुले दोन वर्षांत सोपे शब्द वाचू लागली आणि तिघे अजून 'क' आणि 'फ'मध्ये अडकलेत, तर त्या तिघांकडे वेगळे पाहायला हवे. दुसरे, मुलाच्या घरच्या भाषेत आवाजांचे खेळ घ्या. माडियात शब्द सांगा, पहिला आवाज विचारा, मधला आवाज काढून टाकून उरलेले म्हणायला सांगा. याला लिपी लागत नाही, मराठी लागत नाही. ज्या मुलाला आपल्या आईच्या भाषेतही आवाज सुटे करता येत नाहीत, त्याची अडचण भाषांतराची नाही. तिसरे, ओळखीच्या वस्तूंची चित्रे ओळीने मांडा आणि घरच्या भाषेत भराभर नावे घ्यायला सांगा. वाचनात अडणाऱ्या अनेक मुलांना हे झपाट्याने जमत नाही. या तिन्ही गोष्टी त्या भाषेचा माणूस शाळेत असेल तरच होतील. अंगणवाडी सेविका आहे, स्वयंपाक करणारी ताई आहे, वसतिगृहाचा मदतनीस आहे. त्यांना अर्धा तास शेजारी बसवायला शासन निर्णयाची गरज नाही. हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पात १९७६ मध्ये शाळा सुरू झाली, अलीकडे धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने गोंडीतून शाळा चालवून दाखवली. घरच्या भाषेला वर्गात जागा देणे हा इथे कुणाचा नवा हट्ट नाही.

निदानाकडे वळण्याआधी आणखी काही गोष्टी तपासायच्या असतात, त्या भराभर सांगते. कान: वाहता कान आपल्याकडे आजार मानलाच जात नाही. डोळे. रक्त: आपल्या पट्ट्यात सिकलसेल आहे, आणि त्या आजारात मेंदूच्या रक्तपुरवठ्यावर बाहेरून न दिसणारे आघात होऊन शिकण्यावर परिणाम होऊ शकतो. वारंवार येणारा मलेरिया आणि रक्तक्षय. आणि हजेरीपट. मार्च-एप्रिलमध्ये मोह, मे महिन्यात तेंदूपत्ता, त्याआधी तेलंगणात मिरची तोडायला गेलेले आईबाप. ज्या मुलाने वर्षातले तीन महिने शाळा पाहिलीच नाही, त्याला आधी शिकवायला हवे. राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून शाळांत येतात, आणि त्यांनी पाहायच्या तीस बाबींत अध्ययनातील अडचणी ही एक बाब आहे. पथक आले की वजन-उंची होते, दात पाहिले जातात. डॉक्टरांपुढे त्या तीन मुलांच्या वह्या ठेवा आणि विचारा. विचारल्याशिवाय त्यांना कळणार नाही.

तपासणी म्हणजे काय असते, याबद्दल पालकांच्या मनात भीती आहे. मुलाच्या डोक्याला तारा लावतात असे काहींना वाटते. तसे काही नाही. मानसशास्त्रज्ञ बुद्ध्यंकाची चाचणी घेतात, ती याच्यासाठी की मुलाची सर्वसाधारण समज ठीक आहे हे दिसावे. मग वाचन, लेखन, शुद्धलेखन, गणित यांच्या चाचण्या होतात. बंगळूरच्या निमहान्स संस्थेत तयार झालेला चाचणीसंच देशभर सरकारी प्रमाणपत्रासाठी वापरला जातो. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये 'डाली' नावाचा संच काढला. तो हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत आहे, पहिली ते पाचवीसाठी आहे, आणि त्यात शिक्षकांनी भरायची प्राथमिक चाळणीही आहे. मराठीसाठी ही फार मोलाची गोष्ट झाली. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या ठिकाणी नव्वदच्या दशकापासून या मुलांची तपासणी होते, आणि महाराष्ट्र शासनाने १९९६ मध्येच अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती द्यायला सुरुवात केली. देशात आपले राज्य यात पुढे होते. पण त्या काळातला लाभ मुख्यतः शहरी, इंग्रजी माध्यमाच्या, जाणत्या पालकांच्या मुलांना पोचला. २००७ च्या अखेरीस 'तारे जमीन पर' आला तेव्हा हा शब्द घरोघरी गेला. शब्द गेला, सोय गेली नाही.

भामरागडहून गडचिरोली पावणेदोनशे किलोमीटरच्या घरात, तिथून नागपूर जवळपास तेवढेच. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागड तुटते. तपासणी एका बैठकीत उरकत नाही. बालरोगतज्ज्ञ एका दिवशी, मानसशास्त्रज्ञ दुसऱ्या दिवशी, वैद्यकीय मंडळाची तारीख तिसरी. प्रत्येक खेपेला आईची मजुरी बुडते, एसटीचे भाडे, मुक्काम, आणि सोबत कुणीतरी मराठी बोलणारा. मी याला पालकांची उदासीनता म्हणू देणार नाही. जी वाट धडधाकट माणसालाही झेपत नाही, ती आपण मुलाच्या हक्काच्या दारात टाकून ठेवली आहे.

आणि कायदा काय म्हणतो ते ऐका. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. १९९५ च्या जुन्या कायद्यात सात प्रकारची अपंगत्वे होती, डिस्लेक्सिया त्यांत नव्हता. नव्यात एकवीस आहेत आणि डिस्लेक्सिया जिच्यात मोडतो ती विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यांत आहे. या कायद्याचे कलम १६ शिक्षणसंस्थांची कर्तव्ये सांगते. मुलांमधील विशिष्ट अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखणे आणि त्यावर मात करण्यासाठी योग्य शैक्षणिक उपाय करणे, हे त्यातले एक. हे शासनाचा निधी किंवा मान्यता असलेल्या शाळांना लागू आहे. त्या वाक्यात प्रमाणपत्राची अट नाही. 'आधी प्रमाणपत्र आणा, मग पाहू' असे म्हणणारी शाळा कायद्याच्या उलट टोकाला उभी आहे. कलम १७ दर पाच वर्षांनी शाळकरी मुलांचे सर्वेक्षण करायला सांगते, परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट अशा बदलांची तरतूद करायला सांगते. जानेवारी २०१८ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी प्राथमिक चाळणीचे काम तिसरीपासून, म्हणजे आठव्या वर्षापासून, शिक्षकांवर सोपवले. २०२४ मध्ये त्या सूचना सुधारल्या गेल्या. मुख्याध्यापकांनी त्यांची प्रत शाळेत ठेवावी.

शिक्षक म्हणतील, आम्ही डॉक्टर नाही. बरोबर आहे. पण हा जिल्हा कुठला आहे ते आठवा. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेचे काम सुरू केले. नवजात बाळे मरत होती, रुग्णालय लांब, आणि आई बाळाला घेऊन तिथे जाणार नाही हे उघड होते. त्यांनी गावातल्याच, थोड्या शिकलेल्या बायकांना तयार केले. त्या बाळाचे वजन करू लागल्या, श्वास मोजू लागल्या, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देऊ लागल्या. तेव्हा मोठमोठे तज्ज्ञ म्हणत होते की हे त्यांचे काम नाही. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापून आले: ३९ गावांत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला होता. २०११ पासून देशभरातल्या आशा कार्यकर्त्या घरोघरी जाऊन नवजात बाळे पाहू लागल्या, त्याचे मूळ इथल्या गावांत आहे. एक मिनिट श्वास मोजायला ज्या जिल्ह्याने गावातल्या बाईला शिकवले, त्या जिल्ह्यात डी.एड. झालेल्या शिक्षकाला एक मिनिट वाचन मोजायला का शिकवता येऊ नये? या आरोग्यदूत बायका स्वतःला डॉक्टर म्हणवत नव्हत्या. धोका ओळखायचा, जमेल ते लगेच करायचे आणि न जमणारे वर पाठवायचे, हे त्यांचे काम होते. शिक्षकाकडूनही इतकेच हवे आहे.

मग करायचे काय? तीन-चार मुलांचा लहान गट. रोज पंचवीस-तीस मिनिटे, खंड न पाडता. आठवड्यातून एकदा दोन तास बसवून काही साधत नाही. सुरुवात तोंडी आवाजांनी, शक्यतो मुलाच्या भाषेतल्या शब्दांपासून. मग अक्षर, पण वर्णमालेच्या क्रमाने नव्हे. ज्यांतून लगेच शब्द होतील अशी चार-पाच अक्षरे घ्या: म, क, र, ल, आणि काना. 'मकर' नको, मुलाला ठाऊक असलेलेच शब्द: 'मका', 'काका', 'काम', 'माल', 'लाल'. वाळूत बोटाने गिरवत, तोंडाने आवाज काढत. दिसायला सारखी अक्षरे एकाच दिवशी शिकवू नका. 'घ' पक्के झाल्यावर काही आठवड्यांनी 'ध' आणा. एका वेळी एकच मात्रा. पहिली वेलांटी आणताना मुलाला सरळ सांगा की ही आधी लिहायची पण आवाज नंतर काढायचा. हे कुणी सांगतच नाही, मुलाने आपोआप ओळखावे अशी अपेक्षा असते. 'र'ची रूपे एकेक करून, प्रत्येकाचे दहा-दहा शब्द. कालचा उतारा आज पुन्हा, परवा पुन्हा, वेग वाढेपर्यंत. वाचनाचे असे पायरीपायरीने, ध्वनी आणि चिन्ह जोडून शिकवणे उपयोगी पडते हे अमेरिकेच्या राष्ट्रीय वाचन समितीने २००० साली शेकडो प्रयोग तपासून मांडले. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला हेच लागते, फक्त जास्त वेळ, जास्त आवृत्त्या आणि कमी ओरडा. आणि जे मूल केवळ शिकवणे सुटल्यामुळे मागे राहिले, ते याच गटात दोन-तीन महिन्यांत उसळी घेते. उरतात ती मुले कोण, हे मग आपोआप कळते. त्यांनाच पुढे पाठवायचे, तीन महिन्यांच्या नोंदींसकट. अशा नोंदी घेऊन आलेले मूल मानसशास्त्रज्ञाचेही अर्धे काम सोपे करते.

त्या काळात वर्गात दोन पथ्ये. त्या मुलाला सगळ्यांपुढे अचानक उभे करून वाचायला लावायचे नाही. आणि विज्ञान-परिसर अभ्यासाचे त्याचे ज्ञान तोंडी तपासायचे. वाचता येत नाही म्हणून त्याने पाणी कसे मुरते, झाड कसे उगवते, वाघाचा माग कसा ओळखावा हे शिकायचे थांबवावे का? त्याला यातले पुष्कळ आधीच येते. रंगीत चष्मे, डोळ्यांचे व्यायाम, स्मरणशक्तीची औषधे यांच्या मागे पैसे घालवू नका. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २००९ मध्ये स्पष्ट सांगितले की डोळ्यांच्या व्यायामांनी किंवा रंगीत भिंगांनी डिस्लेक्सियावर उपाय होतो याला पुरावा नाही.

मुलींबद्दल वेगळे बोलायलाच हवे. शाळेने पाठवलेल्या यादीत मुलगे जास्त असतात. सॅली शेविट्झ यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या कनेक्टिकटमधल्या निवडक नमुन्यातल्या सगळ्याच मुलांची तपासणी केली होती, तेव्हा मुलगे आणि मुली यांच्या संख्येत फारसा फरक निघाला नाही. शाळेने निवडलेल्यांत मात्र मुलगे कितीतरी जास्त होते. मुलगा अडला की दंगा करतो, म्हणून दिसतो. मुलगी वही नीट ठेवते, फळ्यावरचे सुबक उतरवून काढते, गप्प राहते. आश्रमशाळेतल्या मुलींच्या वह्या पाहा. अक्षर मोत्यासारखे आणि एक ओळ वाचायला सांगितली तर डोळे खाली. आठवीनंतर तिची शाळा सुटते आणि कारणाच्या रकान्यात 'घरकाम' लिहिले जाते.

तपासणी इथे आणायची तर काही गोष्टी आपल्या आवाक्यात आहेत. चंद्रपूरला २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, दोन्ही जिल्ह्यांत जिल्हा रुग्णालये आहेत, समग्र शिक्षा अभियानाखाली गट साधन केंद्रांत समावेशित शिक्षणाची माणसे आहेत, आणि आदिवासी विकास विभागाची गडचिरोली, अहेरी, भामरागड, चंद्रपूर, चिमूर अशी पाच प्रकल्प कार्यालये आहेत. ही चार खाती महिन्यातून एक दिवस अहेरीत, एक दिवस राजुऱ्यात एकत्र बसली, मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक सोबत घेऊन, तर आईची नागपूरची खेप वाचेल. गोंडवाना विद्यापीठ गडचिरोलीत आहे. माडिया आणि गोंडीतल्या आवाजांच्या खेळांची, शब्दयाद्यांची, चित्रांची प्रमाणित चाचणी तयार करणे हे त्याच्याच अंगणातले काम आहे. मराठीसाठी 'डाली' झाली, ती काही आकाशातून पडली नाही. कुणीतरी शाळांत जाऊन शेकडो मुलांना वाचायला बसवले तेव्हा झाली.

शेवटी इथे बसलेल्या पालकांसाठी. मूल आठ वर्षांचे झाले आणि वाचन सुटत नाही असे दिसले तर मुख्याध्यापकांच्या नावे साध्या कागदावर मराठीत अर्ज करा. मुलाचे नाव, इयत्ता, घरची भाषा, अडचण केव्हापासून दिसते, घरात आणखी कुणाला होती का, कान-डोळे तपासले का, हे लिहा. दोन गोष्टी मागा: दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम १६ प्रमाणे वाचनाची मदत शाळेत लगेच सुरू करावी, आणि तपासणीसाठी मुलाला जिल्हा रुग्णालयाकडे पाठवावे. अर्जाची एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या, आश्रमशाळा असेल तर प्रकल्प अधिकाऱ्यांना. तुमच्या प्रतीवर तारीख आणि शिक्का घालून पोच घ्या. मुलाच्या जुन्या वह्या टाकून देऊ नका, तिसरीची, चौथीची, सगळ्या. तपासणीला जाताना त्या पिशवीत घालून न्या. दहावीच्या वर्षी जादा वेळ आणि लेखनिक मागायचा असेल तर शाळेमार्फत बोर्डाकडे जाणारे कागद नववीतच तयार ठेवा, कारण दहावीच्या दिवाळीत वैद्यकीय मंडळाची तारीख मिळवायला धावपळ करणारे पालक दरवर्षी वेळेत पोचत नाहीत. अर्ज लिहायला कुणी नसेल तर आज सभा संपल्यावर आम्ही काही शिक्षक बाहेर टेबल मांडून बसणार आहोत. तिथे या, मुलाचे वय आणि इयत्ता सांगा, अर्ज आम्ही लिहून देऊ.